पॅरासिटॅमॉल पाण्यात बसेना : एका सिरपच्या प्रकल्प नोंदी

बी. फार्म.च्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. आम्ही दोघं : मी सोलापूरचा, पार्टनर रोज एसटीने अक्कलकोटहून येणारी. पुढच्या बॅचमधल्या कुणी हाच विषय घेतला तर आमचे तीन महिने त्यांचे जाऊ नयेत, म्हणून वहीतलं जसंच्या तसं इथे उतरवतोय. यातला एकही थेंब कुणाला दिलेला नाही, चवही कुणी घेतलेली नाही. तुम्हीही घेऊ नका.

३ नोव्हेंबर

विषय मंजूर झाला. पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम पॅरासिटॅमॉल, काचेसारखं स्वच्छ द्रावण, अल्कोहोल नाही. सस्पेन्शन (औषधाची न विरघळलेली पूड तरंगत ठेवलेलं, हलवून घ्यायचं औषध) का नको, असं गाइड मॅडमनी विचारलं. पार्टनर म्हणाली, "आमच्या घरी बाटली कुणी हलवतच नाही मॅडम. वरचं पातळ पहिल्या दिवशी जातं, खालचा गाळ शेवटच्या दिवशी." मॅडमना पटलं.

हिशोब साधा आहे. आम्हाला दर मिलिलिटरला २५ मिलिग्रॅम हवंय. २५ अंशांला एक किलो पाणी जेमतेम १४.९ ग्रॅम पॅरासिटॅमॉल घेतं, म्हणजे मिलिलिटरला साधारण १५. उरलेले १० कुठे बसवायचे, एवढाच प्रकल्प.

पीएच वाढवून जमेल असं मला वाटलं होतं. पॅरासिटॅमॉलचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटॉन सोडून भारित होतात आणि पाण्यात सहज जातात) साडेनऊच्या आसपास. तिथवर पीएच नेला तर ते सिरप राहत नाही, कपडे धुवायचं पाणी होतं, आणि औषध फुटायला लागतं ते वेगळंच. ५ ते ७ मध्येच ते सुखात असतं. पहिल्या पाच मिनिटांत एक वाट बंद.

६ नोव्हेंबर

पहिली चूक, पैशांची. औषध विरघळवायला मदत करणारं द्रव म्हणून केमिकलवाल्याकडून प्रॉपिलीन ग्लायकॉल आणलं, अर्धा लिटर, ३९० रुपये. एलआर ग्रेड, म्हणजे प्रयोगशाळेपुरतं. मॅडमनी लेबल पाहिलं आणि बाटली उघडूही दिली नाही.

"आयपी ग्रेड कुठंय? सीओए कुठंय?"

आयपी म्हणजे इंडियन फार्माकोपिया, औषधांच्या दर्जाचा ग्रंथ; सीओए म्हणजे त्या बॅचचा तपासणी दाखला. मी म्हटलं, कुणी पिणार तर नाही. त्यावर त्या चिडल्या. चिडण्याचं कारण ताजं होतं. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच छिंदवाड्याला खोकल्याच्या सिरपने वीसहून जास्त लहान मुलं गेली, सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल निघालं. १९८६ साली मुंबईत जेजेमध्ये ग्लिसरीनमधून हेच विष गेलं होतं, १४ माणसं दगावली होती. आयपीप्रमाणे प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल आणि इथिलीन ग्लायकॉल प्रत्येकी ०.१ टक्क्याच्या वर चालत नाही, आणि एलआरच्या बाटलीवर त्याचा उल्लेखही नसतो. "सवय हाताला लागते," त्या म्हणाल्या, "आज प्रकल्प म्हणून आणलंस, उद्या नोकरीत आणशील."

एलआरची बाटली लॅबच्या मामांनी नेली, वॉटर बाथच्या नळ्या धुवायला. आयपी ग्रेडची सीओएसकट मागवली, ६१० रुपये, यायला नऊ दिवस.

११ नोव्हेंबर

तोवर नुसत्या पाण्यातली विद्राव्यता काढून ठेवावी म्हटलं. झाकणाच्या फ्लास्कमध्ये पाणी, त्यात जास्तीचं पॅरासिटॅमॉल, शेकर बाथमध्ये २४ तास, मग गाळायचं, ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये पातळ करायचं आणि २५७ नॅनोमीटरला यूव्ही (अतिनील प्रकाश किती शोषला जातो त्यावरून औषध मोजायचं). तिथे एक टक्का द्रावणाचा शोषणांक ७१५ धरतात.

आकडा आला १७.२. पुन्हा केलं, १७.३. पुस्तकात १४.९. दोन दिवस वजनकाट्यावर संशय, मग पिपेटवर, मग एकमेकांवर.

चूक बाथमध्ये होती, म्हणजे खरं तर आमच्या डोक्यात. डायल २५ वर होती. पण बाथला नुसता हीटर आहे, थंड करायची सोय नाही. खोलीच ३० अंशांवर असताना तो बिचारा २५ वर येणार कसा? आत थर्मामीटर बुडवला, २९.८. तीस अंशांचा छापील आकडा एक किलो पाण्याला १७.४ आहे. आमचं मोजमाप बरोबर होतं, तापमान खोटं होतं. सोलापुरात राहून "२५ अंश, खोलीचं तापमान" असं वहीत लिहिणाऱ्यांनी एकदा तरी थर्मामीटर बुडवून बघावा. आता सगळं ३० अंशांवर करायचं आणि ३० असंच लिहायचं ठरलं.

१५ नोव्हेंबर

काम नाही. नळाला पाणी नाही, डिस्टिलेशन बंद. मामांनी बोअरचं पाणी लावून बघितलं होतं गेल्या वर्षी, कॉइलवर पांढरी पपडी धरली. उद्या पाणी आलं तर परवा डिस्टिल्ड.

१८ नोव्हेंबर

सोपा रस्ता करून बघितला. पाणी ८० अंशांला नेलं, २५ मिलिग्रॅमच्या हिशोबाने पॅरासिटॅमॉल टाकलं, ढवळलं. दोन मिनिटांत गायब. थंड झाल्यावरही स्वच्छ! दोन तास, चार तास, दुसऱ्या दिवशी सकाळीही स्वच्छ. मी तर बाटलीचा फोटो स्टेटसला लावला.

साखर घालायला घेतली आणि चित्र बदललं. साखरेचा पाक करून द्रावणात चाळीस टक्क्यांपर्यंत नेला. तासाभरात धूसर, संध्याकाळी बुडाशी पांढरं. मला वाटायचं पाक घट्ट असतो, म्हणून तो औषध धरून ठेवेल. उलटं होतं. साखर स्वतःच पाणी अडवून बसते, औषधाच्या वाट्याला कमी येतं. बिनसाखरेच्या तीन बाटल्या (क्र. १ ते ३) मात्र अजून स्वच्छ. त्या खिडकीत ठेवल्या.

९ डिसेंबर

सकाळी नऊला लॅब उघडली. रात्री पारा १४ वर गेला होता. बाटली क्र. २ च्या बुडाशी खडीसाखर. अगदी तशीच, जाडसर, चौकोनी, चकचकीत. क्र. १ आणि ३ स्वच्छ. मी क्र. १ उचलून उजेडात धरली आणि पेन्सिलीने टकटक केलं. डोळ्यादेखत खाली धूर उतरल्यासारखं झालं आणि दहा मिनिटांत तिथेही खडे.

म्हणजे तीन आठवडे ते विरघळलेलं नव्हतंच, नुसतं अडकून पडलं होतं. १५ अंशांला पाणी किलोला ११ ग्रॅमच घेतं. आम्ही त्याच्या दुपटीपेक्षा जास्त आत कोंबलेलं. एखादा कण, एखादा धक्का, एवढंच हवं होतं. फोटो स्टेटसवरून काढायची गरज पडली नाही, तो २४ तासांत आपोआप गेला होता.

इथून पुढे नियम : गरम करून विरघळवलेल्या बाटलीला "स्वच्छ" म्हणायचं नाही. आधी थंड करायची, मग त्यात पॅरासिटॅमॉलचा एक खडा टाकायचा. खडा वाढला तर नापास. खडा विरघळला तर पास.

१२ ते १८ डिसेंबर

हे दिवस सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात मोठा मूर्खपणा इथे झाला.

हायड्रोट्रॉपी करून बघायची होती. हा शब्द न्यूबर्गने १९१६ मध्ये आणला, आणि आपल्याकडे इंदूरच्या डॉ. आर. के. माहेश्वरींनी त्यावर बरंच काम केलंय. सोडियम बेंझोएट, युरिया, निकोटिनामाइड असली पाण्यात भरपूर विरघळणारी द्रव्यं सोबत घातली की न विरघळणारं औषधही आत ओढलं जातं. आम्ही सोडियम बेंझोएट घेतलं, दहा टक्के, २२० रुपयांत अर्धा किलो. विद्राव्यता आली ३४ मिलिग्रॅम. वा! २५ पाहिजे, ३४ मिळतंय.

द्रावणाचा पीएच आठच्या वर होता. तो खाली आणायचा म्हणून सायट्रिक ॲसिड घातलं. संत्र्याच्या स्वादाला थोडी आंबट बाजू बरी, हेही डोक्यात होतं. द्रावण कोमट होतं, पीएच ५ वर आणून ठेवला, स्वच्छ. बाटली घरी गेल्यासारखी शेल्फवर.

सकाळी बाटलीत बर्फ पडला होता. दुसरा शब्द नाही. वरपासून खालपर्यंत पांढऱ्या, चमकत्या सुया आणि पातळ पापुद्रे, हलवलं की तरंगणारे.

"पुन्हा बसलं बे," मी म्हटलं. दोघांनीही गृहीत धरलं की पॅरासिटॅमॉलच खाली आलं. मग काय, बेंझोएट १२ टक्के केलं. सुया वाढल्या. १५ टक्के केलं. आणखी वाढल्या. पॅरासिटॅमॉल २० मिलिग्रॅमवर आणलं. सुया तेवढ्याच. चार दिवस हेच. इतकं समोर असूनही कुणाला प्रश्न पडला नाही की औषध कमी केलं तरी गाळ कमी का होत नाही.

प्रश्न मामांना पडला. बाटल्या धुताना म्हणाले, "आधीचं खडीसाखरेसारखं होतं, हे तर कापसासारखं आहे. हे तेच कशावरून?"

सुया गाळल्या, थंड पाण्याने धुतल्या, वाळवल्या. वितळणबिंदू काढायला केशनळीत भरून थीलच्या नळीत, लिक्विड पॅराफिनमध्ये तापवल्या. पॅरासिटॅमॉल १६९ च्या पुढे वितळायला हवं. १२२ ला खल्लास. बेंझॉइक ॲसिड!

मग सगळं उलगडलं. बेंझॉइक ॲसिडचा पीकेए ४.२. पीएच ५ वर बेंझोएटचा सुमारे १४ टक्के भाग ॲसिड होऊन बसतो. दहा टक्के बेंझोएटमध्ये ते मिलिलिटरला साडेअकरा मिलिग्रॅम होतं, आणि पाणी २५ अंशांला धरतं साडेतीन. आम्ही औषध वाचवायला जितकं बेंझोएट वाढवत होतो तितक्या सुया आम्हीच पेरत होतो.

चार दिवस ज्यात गेले ती तपासणी दोन मिनिटांची आहे : चिमूटभर गाळ खायच्या सोड्याच्या पाण्यात टाका. बेंझॉइक ॲसिड असेल तर फसफसून विरघळतं, पॅरासिटॅमॉल ढिम्म राहतं. बाटलीत काहीही पडलं तर आधी ते काय आहे ते बघा, मग फॉर्म्युला बदला.

२२ डिसेंबर

बेंझोएटऐवजी निकोटिनामाइड, दहा टक्के. १०० ग्रॅमला ३४० रुपये. आकडा आला ६०! मी उडालो, पार्टनर उडाली नाही. तिने पॅरासिटॅमॉल न घालता नुसतं निकोटिनामाइडचं द्रावण तितकंच पातळ करून यूव्हीला लावलं. ०.४७. ते स्वतःच २६० नॅनोमीटरच्या आसपास जोरात शोषून घेतं, आणि आम्ही मोजत होतो २५७ ला. ब्लँकमध्ये (तुलनेसाठी ठेवायच्या द्रावणात) नुसतं अल्कली ठेवलं होतं. तो भाग वजा केल्यावर खरा आकडा २७.

मग मागे जाऊन बेंझोएटचं ३४ पण तपासलं. ते २८ निघालं. म्हणजे सुया पडल्या नसत्या तरी थंडीत पॅरासिटॅमॉल तळाशी बसलंच असतं. ब्लँकमध्ये औषध सोडून बाकी सगळं असायला हवं, हे आम्ही दुसऱ्या वर्षात परीक्षेत लिहून आलो होतो. मार्कही मिळाले होते.

५ जानेवारी

हायड्रोट्रॉपी बाजूला. प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन. दहा टक्क्यांच्या पायऱ्यांनी वर गेलो. बाकी तपशील कंटाळवाणे आहेत, तक्ता वहीत आहे. प्रॉपिलीन ग्लायकॉल ३० टक्के, ग्लिसरीन २० टक्के, बाकी पाणी, गोडीला सुक्रालोज. औषध आधी कोमट प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्ये भिजवायचं, मग ग्लिसरीन, पाणी शेवटी आणि सावकाश. पाणी एकदम ओतलं की गाठी होतात आणि त्या फोडण्यात अर्धा तास जातो.

फ्रिजमध्ये दहा अंशांवर ठेवली, वरून एक खडा टाकला.

१२ जानेवारी

सात दिवसांनी बाटली काढली. खडा सापडत नाही. उजेडात धरली, तिरकी केली, भिंगातून पाहिली. खडा विरघळून गेला होता. उद्यापासून गड्ड्याची (सिद्धेश्वर यात्रेची) सुट्टी, आम्ही दोघंही खुशीत. यात्रेत खाताखाता मी अहवालाची प्रस्तावना डोक्यात लिहून काढली.

१९ जानेवारी

मॅडमनी बाटली पाहिली, छान म्हणाल्या, आणि कोरा कागद पुढे सरकवला. "दहा किलोचं पोर. तुमचं सिरप दिवसभर घेतलं. पोटात प्रॉपिलीन ग्लायकॉल किती गेलं?"

किलोला १५ मिलिग्रॅम म्हणजे एका वेळी १५० मिलिग्रॅम औषध, ६ मिलिलिटर. दिवसात चारदा, २४ मिलिलिटर. त्यात ३० टक्के म्हणजे ७.२ मिलिलिटर, वजनात जवळपास साडेसात ग्रॅम. किलोला ७४६ मिलिग्रॅम.

युरोपियन मेडिसिन्स एजन्सीची मर्यादा महिन्यापासून चार वर्षांपर्यंतच्या मुलांना रोज किलोला ५० मिलिग्रॅम आहे. आम्ही पंधरापट.

ती मर्यादा पाळायची तर प्रॉपिलीन ग्लायकॉल दोन टक्क्यांवर आणावं लागतं, आणि दोन टक्क्यांत काही विरघळत नाही. बेंझोएटचाही हिशोब करून बघितला : दहा टक्क्यांनी किलोला २४० मिलिग्रॅम, खाद्यपदार्थांसाठीची रोजची मर्यादा २०. तीही बाटली सुया न पडताही बादच होती. अल्कोहोल तर आम्हीच पहिल्या दिवशी नको म्हटलेलं. जुन्या ब्रिटिश कोडेक्समधल्या (औषधांच्या कृतींच्या ग्रंथातल्या) मुलांच्या पॅरासिटॅमॉल एलिक्सरमध्ये दहा टक्के अल्कोहोल आणि दहा टक्के प्रॉपिलीन ग्लायकॉल होतं. तेव्हा चालायचं.

मॅडमनी मग १९३७ ची गोष्ट सांगितली. अमेरिकेत सल्फानिलामाइड पाण्यात विरघळेना. एका केमिस्टने बघितलं की डायइथिलीन ग्लायकॉलमध्ये ते छान विरघळतं. रंग, चव, वास तपासला आणि विकायला काढलं. शंभरावर माणसं मेली. त्याचाही प्रश्न आमचाच होता, आणि त्यालाही उत्तर मिळालं होतं.

अडीच महिने आम्ही दर मिलिलिटरला किती विरघळलं ते मोजत होतो. हा कागद ३ नोव्हेंबरला लिहिला असता तर दहा मिनिटांचं काम होतं.

२७ जानेवारी

दोन दिवस भांडलो. पार्टनरचं म्हणणं सस्पेन्शनकडे वळू, माझं म्हणणं वेळ नाही. तोडगा तिच्या आजीवरून निघाला. अर्धांगवायूनंतर आजीला रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) होती, तेव्हा घरी गोळी कुटून पाण्यात घालून ट्यूबमधून द्यायचे आणि ट्यूब तुंबायची. स्वच्छ द्रावण तिथे खरंच लागतं. मोठ्यांची प्रॉपिलीन ग्लायकॉलची मर्यादा रोज किलोला ५०० मिलिग्रॅम आहे. २० मिलिलिटरमध्ये ५०० मिलिग्रॅम औषध, चारदा, ८० मिलिलिटर. प्रॉपिलीन ग्लायकॉल २५ ग्रॅमच्या जरा आत, ६० किलोच्या माणसाला किलोला ४१४. बसतंय. ग्लिसरीन एका वेळी पाच ग्रॅम, तेही ठीक. एका वेळी दहा ग्रॅमच्या पुढे गेलं की डोकं दुखणं, पोट बिघडणं सुरू होतं.

विषयाचं नाव बदलायचा अर्ज दिला. "मुलांसाठी" हा शब्द काढला.

४ फेब्रुवारी

पार्टनरने पुन्हा पकडलं. "आजी ६० किलोची नव्हती रे. ४५ पण नसेल." ४५ किलोला चार वेळचा आकडा ५५२ येतो. मर्यादेबाहेर. पन्नास किलोच्या आतल्या माणसाला पॅरासिटॅमॉलही जपूनच देतात, म्हणून लेबलवर तिथे दिवसातून तीनदाच असं लिहिलं. मग ४१४ वर येतं. लेबल तिसऱ्यांदा छापलं.

१६ फेब्रुवारी

आठ नंबरची ट्यूब आणून ५० मिलिलिटरच्या सिरिंजने द्रावण सोडलं. जातं, पण नुसत्या पाण्यापेक्षा सावकाश, ग्लिसरीनमुळे. मागून २० मिलिलिटर पाणी सोडलं की ट्यूब स्वच्छ. ट्यूब कोरडी करून दुसऱ्या दिवशी पाहिली, आतून चिकट नाही, खडे नाहीत. न धुता ठेवलेल्या ट्यूबच्या टोकाशी मात्र पांढरी कड धरली होती. ती खरवडून सोड्याच्या पाण्यात टाकली. फसफसलं नाही, म्हणजे पॅरासिटॅमॉलच.

२ मार्च

खर्च : पॅरासिटॅमॉल ४५०, प्रॉपिलीन ग्लायकॉल दोनदा मिळून १०००, बेंझोएट २२०, निकोटिनामाइड ३४०, ग्लिसरीन ३३०, काळ्या बाटल्या २६४. एकूण २६०४ रुपये. त्यातले ९५० वाया, पहिल्या एलआर बाटलीसकट.

बारा बाटल्या ४० अंशांच्या कपाटात ठेवल्यात, महिन्याला दोन काढून पॅरासिटॅमॉल आणि त्यातून सुटणारं पॅरा-अमिनोफेनॉल मोजायचं. आमची परीक्षा त्याआधीच होणार, त्यामुळे शेवटच्या बाटल्या ज्युनियर काढतील. किल्ली मामांकडे आहे. एप्रिलमध्ये खोलीच ४२ वर जाते तेव्हा कपाटाचं दार उघडून थर्मामीटर बघा, डायलवर जाऊ नका.

बाटली क्र. ३ अजून खिडकीत आहे. १८ नोव्हेंबरची, नुसत्या पाण्यातली, अजून स्वच्छ. कुणी टकटक करू नये म्हणून तिच्यावर चिठ्ठी लावली आहे.